गंज कडेने शिरतो

वसई, रत्नागिरी किंवा मालवणच्या किनाऱ्यालगत तीन-चार पावसाळे काढलेली एखादी खिडकीची ग्रिल जवळून न्याहाळावी. मधल्या सपाट पट्टीवरचं पावडर कोटिंग बहुतेक वेळा ठणठणीत असतं. तांबडे ओघळ येतात ते वेल्डिंगच्या सांध्यातून, पट्टीच्या धारेवरून आणि भिंतीतल्या बोल्टभोवती. घरमालक पावडरीच्या कंपनीच्या नावाने बोटं मोडतो, फॅब्रिकेटर खाऱ्या वाऱ्याकडे बोट दाखवतो. वारा खारा आहे हे खरंच. पण त्याच वाऱ्यात ती सपाट पट्टी कशी टिकली, हे कुणी विचारत नाही.

पावडर कोटिंगमध्ये थिनर नसतो. रेझिन, हार्डनर आणि रंगद्रव्याची कोरडी पूड गनमधून उडवताना तिला ६० ते १०० किलोव्होल्टवर भारित करतात आणि अर्थिंग दिलेल्या जॉबवर, म्हणजे रंगवायच्या वस्तूवर, ती जाऊन बसते. मग भट्टीत ती वितळते, पसरते आणि रासायनिक क्रिया होऊन कडक होते. तयार थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाएवढा जाड.

हा थर सगळीकडे सारखा बसत नाही, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. वितळलेली पावडर धारदार कडेवरून मागे सरकते. सपाट भागावर ७० मायक्रॉन भरले तरी कातरलेल्या पत्र्याच्या धारेवर त्यातलं फारच थोडं उरतं. म्हणून पृष्ठभागाच्या तयारीबाबतच्या आयएसओ ८५०१-३ या मानकाची सर्वांत कडक श्रेणी कड किमान २ मिलिमीटर त्रिज्येने गोल करायला सांगते. ग्राइंडर हातात असेल तर हे काम अवघड नाही, फक्त त्याचे पैसे कुणी वेगळे मोजत नाही. आतल्या कोपऱ्यांची अडचण उलटी. भारित पावडर जवळच्या कडांकडे ओढली जाते आणि खाच उपाशी राहते. जाणता ऑपरेटर आधी कोपरे मारतो, व्होल्टेज उतरवून. सपाट भाग नंतर. हूकवर जुन्या पावडरीची पुटं चढलेली असतील तर अर्थिंगच तुटतं. मग गन कितीही चांगली असो, पावडर जॉबऐवजी जमिनीवर जाते.

पण खरी मेख त्याच्याही आधी आहे, टाक्यांपाशी. भोसरी-चाकणकडे जॉबवर्क करणाऱ्या शॉपमध्ये ‘सेव्हन टँक’ हा शब्द सर्रास ऐकू येतो: तेल काढणं, धुणं, आम्लाने गंज काढणं, धुणं, फॉस्फेटिंग, पुन्हा धुणं आणि पॅसिव्हेशन. फॉस्फेटचा बारीक स्फटिकांचा थर पावडरीला पकड देतो आणि थराखालून गंज सरकायला अटकाव करतो. धुण्याचं पाणी वेळेवर बदललं नाही तर आम्ल आणि क्षार जॉबवरच राहतात आणि पुढे त्यांच्यावरच फोड उठतात. तेल नीट निघालं का हे कळायला यंत्र लागत नाही. धुतलेल्या पत्र्यावर पाणी अखंड पसरून राहिलं तर पत्रा स्वच्छ. थेंब-थेंब होऊन फुटलं तर तेल अजून आहे. ही परीक्षा फुकटची, तरी ती होताना क्वचितच दिसते.

आणखी एक दोष टाकीतूनच जन्मतो. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून वेल्डिंगचे तुटक टाके मारले असतील, तर मधल्या फटीत आम्ल शिरतं आणि तिथेच बसतं. रंग चढतो, ग्रिल लखलखीत घरी येते आणि काही महिन्यांत नेमक्या त्या सांध्यातून तपकिरी पाणी झिरपू लागतं. वेल्डिंग सलग केलं, स्पॅटर आणि स्लॅग घासून काढला, तर हे टळतं. ग्रिलचं आयुष्य ठरवण्यात वेल्डरचा वाटा रंगवणाऱ्याइतकाच मोठा आहे.

भट्टीत गफलत होते ती तापमान मोजण्यात. डब्यावर ‘२०० अंश, १० मिनिटं’ लिहिलेलं असतं ते धातूच्या तापमानासाठी, भट्टीतल्या हवेसाठी नव्हे. पातळ पत्रा लवकर तापतो; १२ मिलिमीटरची भरीव सळई बराच वेळ घेते. दोन्ही एकाच हँगरवर लटकवून एकाच वेळी बाहेर काढले तर सळईवरचा थर कच्चा राहतो, आणि दिसायला तो पक्क्यासारखाच दिसतो. एमईके नावाच्या द्रावकात भिजवलेला कापूस घासला की कच्चा थर मऊ पडून रंग सोडतो.

पावडरीची जात हा यानंतरचा प्रश्न. इपॉक्सी गंजाला चिवट, पण उन्हात तिची पांढरी भुकटी सुटते. बाहेरच्या कामाला पॉलिएस्टर हवी. अॅल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांसाठी क्वालिकोट हे युरोपीय मानक पावडरींची प्रतवारी फ्लोरिडाच्या उन्हात नमुने ठेवून करतं: पहिल्या वर्गाला १ वर्ष, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १०. प्रयोगशाळेतली मिठाच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी. ३५ अंशांवर ५ टक्के मिठाचं पाणी सतत फवारलं जातं. पण विक्रेते सांगतात त्या ‘हजार तासां’चा प्रत्यक्ष वापरातल्या वर्षांशी थेट हिशेब जुळत नाही.

अगदी समुद्राकाठी साध्या लोखंडावर एकच थर देणं म्हणजे हात राखून केलेलं काम. खाली झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलिएस्टर, किंवा गॅल्वनाइज करून त्यावर पावडर, हे महाग पडतं, पण ओरखडा पडला तरी खालचं जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. गॅल्वनाइज्ड माल भट्टीत वायू सोडतो आणि थराला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात, म्हणून तो आधी तापवून घ्यावा लागतो.

एवढं सगळं सांभाळून आणलेली ग्रिल साइटवर अर्ध्या इंचाने मोठी निघते. मग कटर चालतो, ड्रिल चालतं, जागेवर दोन टाके मारले जातात आणि वर स्प्रेचा डबा फिरतो. माप आधी पक्कं करून सगळी भोकं कोटिंगपूर्वीच पाडून घेणं, हाच यावर उपाय. ताज्या सिमेंटचे शिंतोडे उडाले तर ते ओले असतानाच पाण्याने धुवावेत. वाळल्यावर थिनरने खरवडले की चकाकी जाते.

पुढची निगा साधी आहे, पण तिची वेळ चुकते. पावसाळ्यात उघड्यावरची ग्रिल आपोआप धुतली जाते. छज्ज्याखालची कोरडीच राहते आणि मीठ साठवते. नोव्हेंबरपासून मेपर्यंत तर किनाऱ्यावर दोघींनाही पावसाचं पाणी जवळजवळ नाही. त्या काळात दर दोन-तीन महिन्यांनी सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं आणि शेवटी साधं पाणी पुरतं. छज्ज्याखालच्या ग्रिलला ते बाराही महिने लागतं. पोपडा दिसलाच तर तो उघड्या धातूपर्यंत घासून काढावा, इपॉक्सी प्रायमर लावावा आणि वर टू-पॅक पीयू रंग. गंजावरच स्प्रे मारला तर पुढच्या पावसाळ्यात फुगवटा त्याच जागी, जरा मोठा होऊन उठतो.