खोडदच्या तबकड्या काय ऐकतात?

नाशिकहून एस.टी.ने पुण्याला निघाले की सिन्नर, संगमनेर, आळेफाटा मागे पडते आणि नारायणगावच्या परिसरात शेतांमधून वर आलेल्या तारेच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. "आई, हे काय आहे?" असे मूल विचारते. "असेल काहीतरी सरकारी," म्हणून आपण त्याला गप्प करतो. पुढच्या खेपेला गप्प करू नका. ही जगातील मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ही दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि नेतृत्वाखाली उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतील १४ मध्यभागी आणि १६ तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी वापरल्यामुळे वारा आरपार जातो, वजन कमी राहते आणि खर्चही वाचतो. ही दुर्बीण प्रकाश पाहत नाही, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. त्यामुळे दिवस असो वा पावसाळी ढग, तिचे काम चालूच असते.

तारे अढळ असतात असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो आणि त्याचा गाभा दाबला जाऊन जेमतेम वीस किलोमीटर रुंदीचा गोळा उरतो. नाशिक शहरावर मावेल एवढ्या या गोळ्यात सूर्याहून जास्त द्रव्य कोंबलेले असते. तो गरगर फिरतो आणि रुग्णवाहिकेवरच्या फिरत्या दिव्याप्रमाणे त्याचा झोत ठरावीक वेळाने आपल्यावरून जातो. यालाच पल्सार म्हणतात. काही पल्सार सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात!

अशा चपळ ताऱ्यासाठी दुर्बीण मोठीच का लागते? पाऊस संथपणे दिवसभर पडत असेल तर अंगणात ठेवलेल्या वाटीतही पाणी साठते. पण सर दोनच मिनिटांची असेल तर परात लागते. पल्सारचा झोत क्षणार्धात निघून जातो. तेवढ्यात पुरेशा लहरी गोळा करायच्या, तर तबकडी मोठी हवी आणि अनेक तबकड्यांची बेरीज हवी. खोडदच्या तबकड्यांनी ते करून दाखवले. सेकंदाला सुमारे २०० गिरक्या घेणाऱ्या, या दुर्बिणीने शोधलेल्या पहिल्या पल्सारची घोषणा २००४ साली झाली.

जगातला पहिला पल्सार मात्र १९६७ साली जोसेलिन बेल या विद्यार्थिनीने इंग्लंडमध्ये शोधला. केंब्रिजजवळच्या शेतात त्या दुर्बिणीचे खांब ठोकण्यासाठी तिने स्वतः घण चालवला होता. कागदाच्या लांबच लांब पट्ट्या डोळ्यांनी तपासताना तिला एक बारीक खूण दिसली. तिने ती दुर्लक्षित केली नाही. पण १९७४ सालचे नोबेल पारितोषिक तिच्या मार्गदर्शकाला मिळाले, तिला नाही. राबणारा एक आणि मान दुसऱ्याला, हा अनुभव आपल्याला नवा नाही. पुढे २०१८ साली तिला तीस लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. ते सगळे तिने विज्ञानापासून दूर राहिलेल्या समूहांतील विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकले.

तथागतांनी सांगितले की जे जे निर्माण झाले ते ते अनित्य आहे. त्यांनी रेडिओ दुर्बीण पाहिली होती असा दावा आपण करण्याचे कारण नाही. पण जो तारा स्वतःच फुटतो आणि विझतो, तो आपल्या मुलीचे लग्न वा मुलाची नोकरी कशी ठरवणार, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. धम्मदीक्षेनंतरही कोणाच्या घरात चोरून पत्रिका दाखवली जात असेल, तर त्यांनी तो आधी स्वतःला विचारावा.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, खोडदला प्रदर्शन भरते आणि ही दुर्बीण जवळून पाहता येते. जुन्नर परिसरातच आपली प्राचीन बौद्ध लेणी आहेत. एका सहलीत दोन्ही होईल. "शिका" हा बाबासाहेबांचा पहिला शब्द. तबकडीकडे बोट दाखवणाऱ्या मुलाला उत्तर देणे, ही त्याचीच सुरुवात आहे.