चिनीमातीचे चलन, पुठ्ठ्याचा पैसा

सतराव्या शतकात गुजरातच्या बाजारात सुट्ट्या पैशांऐवजी बदाम चालत. इराणातून येणारे हे बदाम विलक्षण कडू असत, त्यामुळे पोरे ते खाऊन टाकतील अशी भीती नाही, असे फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए याने नोंदवले आहे. एका पैशाला कधी ३५, कधी ४० बदाम मिळत. गोड बदाम चलन म्हणून टिकलाच नसता, तो पोटात गेला असता. तेव्हा वस्तू विचित्र असली तरी तिची निवड विचित्र नव्हती. चामडे, लाकूड, चिनीमाती, पुठ्ठा, प्लॅस्टिक अशा पदार्थांची नाणी आणि टोकन जमवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘हे कशाचे आहे?’ हाच असतो. माझ्या मते त्याहून मोलाचा प्रश्न निराळा आहे: हे परत कोण घेत होते, आणि आपलेच आहे हे तो कसे ओळखत होता?

सयाममधले, म्हणजे आजच्या थायलंडमधले, उदाहरण घ्या. तिथल्या जुगाराच्या अड्ड्यांवर चिनीमातीची छोटी टोकन वापरत. काही गोल, काही अष्टकोनी, काही फुलपाखराच्या किंवा माशाच्या आकाराची; रंगीत झिलईवर चिनी अक्षरांत अड्ड्याचे नाव. खेळ संपला तरी ती खिशात राहत आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याकडे चालत, कारण अड्ड्यावर नेली की पैसे मिळणार याची भाजीवाल्याला खात्री होती. बनावट टोकन फार झाली की अड्डेवाला जुनी परत घेण्याची मुदत जाहीर करी आणि नव्या नक्षीची काढी. म्हणूनच यांचे हजारो प्रकार आढळतात. सरकारने १८७५ साली त्यांच्यावर बंदी घातली; जुगाराची साधने सरकारी नाण्यांची जागा घेऊ लागली होती.

आपल्याकडची गोष्ट याहून जवळची आहे. दुसऱ्या महायुद्धात धातू लढाईकडे वळला, १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि लोकांनी जुनी नाणी घरात दडवली. सुट्ट्या पैशांची इतकी ओढाताण झाली की १९४३ पासून मधोमध मोठे भोक असलेला पैसा काढावा लागला. तो आजही अनेक मराठी घरांत जुन्या डब्यात सापडतो. मोरवी, जुनागढ, नवानगर, बिकानेर अशा संस्थानांनी मात्र जाड पुठ्ठ्याची ‘कॅश कुपने’ छापली. काहींवर राजाचे चित्र आहे, काहींवर राजचिन्ह आणि खाली किंमत. संस्थानाची हद्द ओलांडली की तो नुसता पुठ्ठा. धातूचे नाणे हद्दीबाहेर निदान वजनावर तरी खपते. पुठ्ठ्याच्या बाबतीत देणाऱ्याचा शब्द तेवढा उरतो. मला ही कुपने चांदीच्या रुपयापेक्षा अधिक बोलकी वाटतात ती याचसाठी.

यावर आक्षेप असा की ही नाणी नव्हेतच, ही कुपने. नाणेसंग्रहात त्यांना जागा कशाला? अमेरिकेने १९४४ मध्ये काढलेले लाल आणि निळे फायबरचे बिल्ले याचे टोकाचे उदाहरण. जेमतेम १६ मिलिमीटर व्यासाचे हे बिल्ले रेशनच्या तिकिटांची मोड म्हणून मिळत: लाल मांस आणि स्निग्ध पदार्थांसाठी, निळे डबाबंद अन्नासाठी. नुसत्या बिल्ल्याने काहीच विकत घेता येत नसे, पैसे वेगळे मोजावे लागत. तरीही दुकानदार ते घेत होता, पुढच्या गिऱ्हाइकाला देत होता, आणि आकड्याच्या दोन बाजूंना छापलेली अक्षरे बनावटगिरीला आळा घालत होती. हातोहात फिरणे, हिशेब मिटवणे, खऱ्याखोट्याची खूण बाळगणे ही नाण्याची सारी कामे तो बिल्ला करत होता. सरकारने त्याला नाणे म्हटले नाही, एवढ्यावरून त्याला दाराबाहेर ठेवणे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यातल्या पुष्कळ वस्तू संग्राहकांना विकण्यासाठीच बनल्या. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत सुट्टे मिळेनासे झाल्यावर गावोगावच्या संस्थांनी आपापले आपत्कालीन चलन काढले. सॅक्सनीसाठी माइसेनच्या प्रसिद्ध कारखान्याने तांबूस-तपकिरी मातीची नाणी भाजली. त्यांवर कारखान्याची दोन तलवारींची खूण आहे आणि २० फेनिगपासून २० मार्कपर्यंत किमती आहेत. पण पांढऱ्या पोर्सेलिनची, सोनेरी काठांची नाणी आणि बीलेफेल्ड शहराच्या रेशमी नोटा यांचा मोठा भाग थेट शौकिनांकडे गेला. हे खरेच आहे, आणि त्यामुळेच ‘परत कोण घेत होते’ हा प्रश्न उपयोगी पडतो. ज्याच्या बदल्यात कोणी पैसे मागायलाच येणार नाही, ते चलन काढणाऱ्याला निव्वळ नफा. अमेरिकेतल्या टेनिनो गावात १९३१ मध्ये बँक बुडाल्यावर लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर पैसे छापले गेले. ते गरजेतून निघाले, पण लोकांनी आठवण म्हणून ठेवून घेतल्याने बहुतेक परत आलेच नाहीत. गरज आणि हौस एकाच वस्तूत अशी नांदू शकतात. तेव्हा कोरे करकरीत नमुने आणि हाताळून कडा झिजलेले नमुने शेजारी ठेवावेत. दोन्ही पुरावाच आहेत, फक्त वेगवेगळ्या गोष्टींचे.

मग पदार्थाला महत्त्वच नाही का? आहे, आणि ते महंमद तुघलकाला महागात पडले. १३२९-३० च्या सुमारास त्याने पितळ-तांब्याची नाणी चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालवली. त्यांतली काही आपल्या दौलताबादच्या टांकसाळीतली आहेत. सुलतानाची आज्ञा पाळणारा परमेश्वराची आज्ञा पाळतो, अशा अर्थाचा मजकूर त्यांवर आहे. पण पितळ कोणत्याही कासाराला ओतता येत होते आणि खरे-खोटे ओळखण्याची खूण नव्हती. बनावट नाण्यांचा पूर आला. सुलतानाने शब्द पाळला, नाणी परत घेऊन खजिन्यातून सोने-चांदी दिली, आणि परत आलेल्या नाण्यांचे ढीग तुघलकाबादला पडून राहिल्याचे त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो. परत घेण्याची तयारी होती, ओळखण्याची सोय नव्हती. उलट पूर्व युरोपातल्या ट्रान्सनिस्ट्रियाने २०१४ मध्ये प्लॅस्टिकचे रूबल काढले तेव्हा ओळखीची तजवीज आधीच केली: एकचा गोल, तीनचा चौकोनी, पाचचा पंचकोनी, दहाचा षट्कोनी.

संग्रह करणाऱ्याने म्हणूनच प्रत्येक नमुन्याच्या पाकिटावर पदार्थ, साल आणि किंमत यांच्याबरोबर तो कुठे वटत होता हेही लिहावे. आणि पुठ्ठ्याच्या कुपनांचे लॅमिनेशन कधीही करू नये. ते काढायला गेले की छपाईचा थर सोबत निघतो, शिवाय कडांची झीज आणि पुठ्ठ्याचा पोत प्लॅस्टिकखाली कायमचा बंद होतो. पावसाळ्यात आम्लरहित कागदाचे पाकीट आणि बंद डब्यात सिलिका जेलची पुडी एवढी काळजी पुरते.