औषधाची पारख : ब्लूम्सबरी चौकातील शाळा आणि तिचे मानकरी

१५ एप्रिल १८४१ रोजी लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरील ‘क्राउन अँड अँकर’ या मद्यगृहात औषधविक्रेत्यांची सभा भरली आणि तीतून ग्रेट ब्रिटनची फार्मास्युटिकल सोसायटी स्थापन झाली. संसदेत आलेल्या एका विधेयकामुळे आपला व्यवसाय दुसऱ्यांच्या ताब्यात जाईल, ही धास्ती या सभेचे तात्कालिक निमित्त होती. परंतु ऑक्सफर्ड रस्त्यावर वडिलार्जित दुकान चालवणाऱ्या जेकब बेल यांनी त्या धास्तीचे शिक्षणाच्या योजनेत रूपांतर केले, हे त्यांचे खरे कर्तृत्व होय. औषधे विकण्यासाठी तोपर्यंत कोणतीही परीक्षा सक्तीची नव्हती आणि उमेदवारीच्या काळात मालक जे शिकवील तीच विक्रेत्याची विद्या होती. ज्यांना शिक्षण नाही त्यांना कायद्यापुढे हक्क मागता येणार नाही, हे बेल यांनी अचूक ओळखले आणि १८४२ मध्ये ब्लूम्सबरी चौकातील १७ क्रमांकाच्या इमारतीत सोसायटीची शाळा सुरू झाली. योगायोग असा की, पणजीत पोर्तुगीज राजवटीने वैद्यकीय-शल्य विद्यालय स्थापन केले तेही याच वर्षी, आणि भारतातील औपचारिक औषधनिर्माण-शिक्षणाचा आरंभ सामान्यतः त्याच विद्यालयापासून मानला जातो.

या शाळेचे सर्वांत मोठे बळ म्हणजे जोनाथन परेरा. त्यांचा विषय ‘मटेरिया मेडिका’, म्हणजे औषध म्हणून वापरल्या जाणाऱ्या वनस्पतिज, प्राणिज आणि खनिज द्रव्यांची ओळख, त्यांचे उगमस्थान, गुण आणि त्यांत होणारी भेसळ यांचा अभ्यास. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन साली किंवा दोन मुळ्या पाहून, हुंगून, चाखून आणि मोडून त्यांतली खरी कोणती हे सांगता येणे ही त्या काळात केवळ विद्वत्ता नव्हती. त्यावर रोग्याचे प्राण अवलंबून असत. १८५३ मध्ये परेरा निवर्तले आणि त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेले पदक हा विद्यार्थ्यांचा सर्वोच्च मान ठरला. ज्या गुरूने द्रव्याची पारख शिकवली त्याच्याच नावाने पारख करणाऱ्याचा गौरव व्हावा, यात त्या शाळेची मूल्यदृष्टी स्पष्ट दिसते. शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी आणि परेरांच्या सहवासात घडलेल्यांपैकी डॅनिअल हॅनबरी यांनी फ्ल्यूकिगर यांच्यासह १८७४ मध्ये ‘फार्माकोग्राफिया’ हा ग्रंथ सिद्ध केला. पुढे मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्या साहाय्याने ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ रचला, तो त्याच परंपरेतला. त्यात भारतीय वनस्पतींची मराठी नावेही नोंदवलेली आहेत, त्यामुळे महाराष्ट्रातील औषधी वनस्पतींच्या अभ्यासकाला तो ग्रंथ आजही दूरचा वाटत नाही.

१८५९ मध्ये बेल यांचे निधन झाल्यावर त्यांच्या नावे शिष्यवृत्ती सुरू झाली. पदक विद्येचा गौरव करते, तर शिष्यवृत्ती विद्या घेणे शक्य करते. दुकानात दिवसभर राबणाऱ्या उमेदवाराला लंडनमध्ये पूर्णवेळ शिकता यावे, हे तिचे प्रयोजन होते. त्यानंतर १८६८ च्या फार्मसी कायद्याने नव्याने व्यवसायात येणाऱ्यांना परीक्षा आणि नोंदणी सक्तीची केली आणि शाळेचे महत्त्व एकदम वाढले.

गुणवत्तेच्या या स्पर्धेला मात्र एक कुंपण होते. कायद्याने स्त्रियांना नोंदणी नाकारली नव्हती, आणि पहिल्या सक्तीच्या नोंदवहीत २२३ स्त्रियांची नावे आढळतात. तरीही शिक्षणाच्या बाबतीत सोसायटी कचरत राहिली. १८७२ मध्ये त्यांना व्याख्यानांना बसू देण्यात आले, परंतु प्रयोगशाळा त्यांच्यासाठी बंदच राहिली. अॅलिस व्हिकरी यांनी १८७३ मध्ये ‘मायनर’, म्हणजे नोंदणीसाठी आवश्यक असलेली परीक्षा, आणि इझाबेला क्लार्क यांनी १८७५ मध्ये त्यावरची ‘मेजर’ परीक्षा उत्तीर्ण केली. पण क्लार्क आणि रोझ मिनशल यांना सोसायटीचे सदस्यत्व मिळण्यास १८७९ उजाडावे लागले. या काळातील यशस्वी विद्यार्थ्यांच्या याद्या वाचताना स्पर्धेच्या उंबरठ्यापर्यंत कोणाला पोहोचू दिले होते, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

बेल शिष्यवृत्तीचे सार्थक कशात झाले, याचे सर्वांत ठळक उत्तर एडवर्ड फ्रँक हॅरिसन यांच्या चरित्रात मिळते. चौदाव्या वर्षाच्या सुमारास उमेदवारीला लागलेला हा मुलगा ही शिष्यवृत्ती मिळवून ब्लूम्सबरीत शिकला आणि पुढे विश्लेषक रसायनज्ञ झाला. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये गुप्त घटकांच्या पेटंट औषधांचा पर्दाफाश करणारे ‘सीक्रेट रेमेडीज’ हे पुस्तक काढले, त्यातील पृथक्करणे त्यांचीच. घरोघरी खपणाऱ्या बीचम गोळ्यांत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण यांपलीकडे काही नाही, आणि एक शिलिंग दीड पेन्सला मिळणाऱ्या ५६ गोळ्यांतील द्रव्यांची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग, एवढीच भरते, हे त्यांनी दाखवून दिले. परेरांच्या वर्गातली पारख येथे रसायनशास्त्राचे साधन हाती घेऊन लोकहितासाठी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात चाळिशी उलटल्यावर ते साधा शिपाई म्हणून भरती झाले, आणि विषारी वायूपासून सैनिकांचे रक्षण करणारा, कोळसा व रासायनिक कणांनी भरलेल्या डब्याचा मुखवटा घडवण्यात त्यांनी अग्रभाग घेतला. अतिश्रमाने खालावलेल्या प्रकृतीत न्यूमोनिया होऊन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या अवघ्या सात दिवस आधी, त्यांचा अंत झाला. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या या विद्यार्थ्याच्या नावे पुढे तरुण रसायनज्ञांसाठी पारितोषिक ठेवण्यात आले.

सोसायटीची ही शाळा १९२० च्या दशकात लंडन विद्यापीठाच्या पदवी-शिक्षणाशी जोडली गेली, १९४९ मध्ये सोसायटीपासून स्वतंत्र झाली आणि २०१२ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये विलीन झाली.

भारतात हा प्रवास निराळ्या क्रमाने झाला, कारण येथे दीर्घकाळ डॉक्टरच्या हाताखालचा कंपाउंडर हाच औषधे तयार करणारा होता. निकृष्ट औषधांच्या, विशेषतः क्विनीनच्या, तक्रारींनंतर रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३०-३१ मध्ये चौकशी केली. त्याच सुमारास, १९३२ मध्ये, मदनमोहन मालवीय यांच्या पाठिंब्याने महादेवलाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधी रसायनशास्त्राचे अध्यापन सुरू केले आणि १९३७ मध्ये तेथे बी. फार्म.चा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आकारास आला. इंग्लंडमध्ये शाळेनंतर २६ वर्षांनी सक्तीच्या परीक्षेचा कायदा आला होता; भारतात विद्यापीठातील अध्यापनानंतर फार्मसी कायदा होण्यास १६ वर्षे लागली, आणि तो स्वतंत्र भारताच्या विधिमंडळाने १९४८ मध्ये संमत केला.