नावाचाच पेपर

नंदुरबार तालुक्यात मिरचीची लागवड जवळ आली की बांधावरून विचारणा सुरू होते, ‘पेपर टाकला का?’ हा पेपर म्हणजे मल्चिंग पेपर. कागदाचा त्यात अंशही नाही. ती 25 ते 30 मायक्रॉनची पॉलिथिनची फिल्म, वरून चंदेरी, खालून काळी. 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगला देशात बंदी आहे. तिच्या पाव जाडीचं हे प्लास्टिक मात्र एकरच्या एकर अंथरलं जातं, आणि त्यावर सरकारी अनुदानही मिळतं. पेपर म्हटल्यावर ते डोळ्यांत खुपत नाही, एवढं खरं.

शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नाही. गादीवाफ्यावर फिल्म असली की तण उगवत नाही, निंदणीची मजुरी वाचते, ठिबकचं पाणी टिकतं. चंदेरी बाजूच्या चकाकीनं मावा, फुलकिड्यांसारख्या रसशोषक किडी बिचकतात. मिरचीचं झाड बोकड्या रोगानं आकसलेलं ज्यानं पाहिलंय, त्याला या चकाकीची किंमत सांगावी लागत नाही.

आता दुसरा हिशेब. पाच फुटांवर वाफे आणि सव्वा मीटर रुंदीची फिल्म धरली तर एकरी 75 ते 90 किलो प्लास्टिक लागतं. पाच ग्रॅमची एक पिशवी धरली, तर कमीत कमी 15 हजार पिशव्या झाल्या. एका एकरात, एका हंगामात!

पथारीवर लाल मिरची वाळून गोण्यांत भरली जाते, तेव्हा इकडे शेतात फिल्म उन्हानं कडक झालेली असते. ओढली की फाटते. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला तोलून नेतो. फिल्मला मात्र चिखल चिकटलेला, धुवायला पाणी-मजुरी नाही, म्हणून तिला गिऱ्हाईक नाही. मग उरतात दोन वाटा. बांधावर ढीग करून काडी लावायची, नाहीतर रोटाव्हेटर फिरवायचा. रोटाव्हेटर तिचे तुकडे करून मातीत मिसळून टाकतो. रान स्वच्छ दिसतं.

चीनच्या शिनजियांग प्रांतातले कापूस उत्पादक याच वाटेनं आपल्या कितीतरी पुढे गेलेत. वर्षानुवर्षांच्या तुकड्यांनी तिथल्या जमिनीत पाणी मुरेना, मुळं अडखळू लागली. तिकडे या प्रकाराला ‘पांढरं प्रदूषण’ म्हणतात. शेवटी तिथल्या सरकारनं फिल्म जाड करायला लावली; 8 मायक्रॉनऐवजी किमान 10. जाड फिल्म अखंड निघते, एवढं साधं त्यामागचं कारण.

तुकडे बारीक होत गेले की ते मातीपुरते राहत नाहीत. गव्हाच्या आणि लेट्यूसच्या मुळांना फुटवे फुटतात तिथल्या भेगांतून प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आत शिरतात, हे 2020 मध्ये प्रयोगांतून दिसलं. 2024 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून काढलेला मेदाचा थर 257 रुग्णांमध्ये तपासला. 150 जणांच्या थरात पॉलिथिन सापडलं, आणि ज्यांच्यात असे कण होते त्यांना पुढच्या तीनेक वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचारपट दिसला. प्लास्टिकनंच तो आजार झाला, असं यातून सिद्ध होत नाही. पण सोडून द्यावी अशीही ही गोष्ट नाही. काडी लावलेल्या ढिगाचा प्रश्न तर आजचाच आहे. त्या काजळीत कर्करोगकारक घटक असतात, आणि धूर आधी जातो तो शेजारच्या रानात निंदणाऱ्या बायांच्या छातीत.

कंपोस्ट होणारी फिल्म मिळते, पण महाग. जाड फिल्म घेणाऱ्याला जास्त अनुदान आणि वापरलेली परत आणणाऱ्याला किलोमागे काही रक्कम, एवढं केलं तरी भंगारवाल्याचा तराजू फिल्मसाठीही निघेल. उसाच्या पाचटाचं आच्छादन फुलकिड्यांना बिचकवत नाही, हे खरंच; तण आणि ओल मात्र सांभाळतं, आणि शेवटी जमिनीतच कुजतं. पण शहाद्याकडे ऊसतोडीनंतर फेरफटका मारा. एका बांधावर पाचट पेटलेलं असतं, पलीकडच्या बांधावर पेपर.