उघड्यावरचे लाकूड

कल्याणच्या खाडीकाठी दुर्गाडी किल्ला उभा आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि पुढे याच खाडीत मराठी आरमाराची जहाजे बांधण्यास प्रारंभ झाला. जहाज म्हणजे अहोरात्र उन्हापाण्यात राहणारे लाकूड! बुरशी त्याला कुजविते, तर खाऱ्या पाण्यातला एक मऊ जीव त्याला आतून पोखरतो. हा जीव दिसतो किड्यासारखा, परंतु आहे शिंपल्याच्या कुळातला. जमिनीवर हेच काम वाळवी करते.

सागवानात मुळातच तेल असते, म्हणून ते टिकते. मुंबईस १८१७ साली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडातील हार्टलपूल येथे अद्याप तरंगते आहे. पण कुंपणाला आणि बाकांना सागवान कोणाला परवडणार? हलक्या लाकडाला औषधच द्यावे लागते. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेतील सोंटी कामेसम यांनी १९३३ साली असे एक औषध शोधून काढले. त्यातील तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक किडीला मारते आणि क्रोमियम त्या दोघांना लाकडात असे जखडून ठेवते की पावसाने ती सहसा धुऊन जात नाहीत. लोखंडी टाकीत लाकूड ठेवून हवा काढून घेतात व हे पाणी दाबाने आत शिरवितात. आर्सेनिक हे जहाल विष आहे. म्हणून अनेक देशांनी घरगुती वापरासाठी तांब्याची दुसरी मिश्रणे स्वीकारली आहेत. औषध दिलेल्या लाकडाचे तुकडे चुलीत कदापि घालू नयेत. त्यांचा धूर आणि राखही विषारी असते.

मग रंग कशाला? औषध किडीला अडविते, पाण्याला नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि अखेर तडकते. ते रंगाने टळते. मात्र टाकीतून निघालेले लाकूड ओले असते. घाईने रंग दिल्यास आतली ओल बाहेर पडू पाहते आणि रंगाला फोड येतात. म्हणून फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा सावलीत त्या कित्येक आठवडे ठेवतात. कल्याणच्या पावसाळ्यात हे काम काढूच नये; दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम. लाकडावर पाण्याचे चार थेंब टाकावेत. ते मुरले तर लाकूड रंगास सिद्ध झाले. तसेच मोत्यासारखे राहिले, तर अजून थांबावे.

कापलेल्या टोकांची मात्र विशेष काळजी घ्यावी. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळीच; टोकाशी त्या नळ्या उघड्या पडतात आणि तेथूनच पाणी भराभर आत चढते. शिवाय कापल्यावर औषध न पोहोचलेला गाभाही उघडा होतो. यास्तव टोकांना पुन्हा औषध लावावे, ते वाळू द्यावे आणि मग रंगाचा एक हात अधिक द्यावा. खांबाचे जमिनीत जाणारे टोकही, दिसत नसले तरी, यातून सुटत नाही.