निळा धूर काय सांगतो?

जुन्या मोटारीने निळा धूर सोडला की ‘इंजिन बसले’ असा निकाल देऊन पुष्कळ मालक ती मोडीत काढावयास निघतात. हा निकाल बहुधा घाईचा ठरतो.

निळा धूर म्हणजे जळणारे ऑईल. ते झिजलेल्या पिस्टन-रिंगांवरून वर चढते, किंवा व्हॉल्व्हच्या दांडीवरून खाली उतरते. ही दांडी ज्या नळीत सरकते ती गाइड. दोहोंतील फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असावी लागते. गाइड झिजली, अथवा तिच्यावरील सील कडक झाले, की ऑईल झिरपते.

कुर्ल्यास बनलेली १०८९ सी.सी.ची पद्मिनी नगरहून नेवाशास न्यावी. परीक्षा वाटेतच होते. इमामपूरचा घाट गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिनाच्या शोषणाने गाइडमधून ऑईल आत ओढले जाते. पायथ्याशी ॲक्सिलरेटर दाबताच धुराचा लोट निघाला, तर दोष गाइडचा किंवा सीलचा. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू होताना क्षणभरच धुरली, तरी तोच. परतताना चढावर धूर अखंड राहिला, तर संशय रिंगांचा.

पहिल्या दोषास केवळ हेड उतरविणे पुरते. मात्र झिजलेल्या गाइडवर नवे सील टिकत नाही. डुलणारी दांडी तेही लवकरच झिजविते. पद्मिनी आता बनत नाही. म्हणून आधी निदान, मग खर्च.