नांगीतलं विष, पाकिटातली गोळी

मुलांनो, हिवाळ्यात आमच्या चौथीची सहल बदलापूरजवळच्या बारवी धरणावर गेली होती. डबे खाऊन झाले आणि एका पठ्ठ्यानं पाण्यात भिरकावायला चपटा दगड उचलला. खाली विंचू! तांबूस, बोटभर लांबीचा, नांगी उगारलेला. पोरगा दगड टाकून पळाला म्हणून वाचला. "बाई, एवढासा तर होता!" तो नंतर म्हणाला.

अहो, हा एवढासाच घातक! काळी इंगळी दिसायला दांडगी, पण कोकणात माणसं दगावतात ती तांबड्या विंचवानं. त्याच्या विषात अगदी छोटी छोटी प्रथिनं असतात. ती मज्जातंतूंना इतकी चेतवतात, की अंगात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भरमसाट चढतो. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं.

हे कोडं उलगडलं रायगड जिल्ह्यात. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत जात. डॉक्टर रात्र रात्र उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, सगळं टिपून ठेवत. १९८२ मध्ये ही निरीक्षणं 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या नामांकित साप्ताहिकात छापून आली. पुढे त्यांनी 'प्राझोसिन' वापरून पाहिलं. हे औषध मुळात रक्तदाबाचं, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं! पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीस-चाळीस जण जात. ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. डॉक्टर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी २०११ मध्ये हेही दाखवलं, की प्राझोसिनच्या जोडीला विंचवावरची लस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो. तेव्हा विंचू चावला तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका, तडक दवाखाना गाठा.

आता उलटी गंमत ऐका. ब्राझीलमधल्या जराराका सापाचं विष रक्तदाब चढवत नाही, धाडकन पाडतं. १९४९ मध्ये तिथल्या रोशा ई सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विष कुत्र्याच्या रक्तात मिसळलं, तर त्यातून रक्तवाहिन्या सैलावणारं 'ब्रॅडिकिनिन' तयार झालं. मग १९६५ मध्ये सर्जिओ फरेरा यांनी शोधलं, की त्याच विषातले प्रथिनांचे बारके तुकडे, म्हणजे पेप्टाइड, या ब्रॅडिकिनिनचा जोर वाढवतात. त्या तुकड्यांच्या नमुन्यावर अमेरिकेत १९७५ मध्ये 'कॅप्टोप्रिल' हे रक्तदाबाचं औषध बनलं. सापाला पिळून नव्हे हं, प्रयोगशाळेत!

तुमच्या आजीच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचून बघा. शेवटी 'प्रिल' असेल, रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल, तर ती गोळी याच घराण्यातली. पाकीट मात्र आजीलाच उघडू द्या.